"त्याचा बापही उशिराच बोलला होता"

प्रश्न:

ताई, माझा मुलगा २६ महिन्यांचा आहे. पाच आठवडे आधी जन्मला, नऊ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता, कावीळ झाली म्हणून दिव्याखाली ठेवला होता. चालायला लागला विसाव्या महिन्यात. बोलायचं म्हणाल तर 'मम' आणि 'बाबा', तेही बाबांकडे बघूनच म्हणतो असं नाही. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो, बोट दाखवत नाही. हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. मोबाइलवर गाणं लागलं की मात्र दुसऱ्या खोलीतून धावत येतो, त्यामुळे ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो आहोत. डॉक्टर म्हणाले, लवकर जन्मलेलं लेकरू आहे, तीन वर्षांपर्यंत वाट पाहू. सासूबाई म्हणतात, "त्याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता थांबतो का बोलायचा?" एका खासगी सेंटरमध्ये विचारलं तर महिन्याचा खर्च आमच्या घरभाड्याइतका सांगितला. यांची बुटीबोरीला कंपनीत नोकरी आहे. हे म्हणतात, एकदा सरकारी कागदावर नाव चढलं की जन्मभराचा शिक्का बसतो. मला रात्र रात्र झोप लागत नाही. मी त्याला जेवताना मोबाइल दिला म्हणून हे झालं का? थांबू की काही करू? आणि करायचं तर कुठून सुरुवात करू?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

ताई,

थांबू नका. कुठं जायचं, काय करायचं ते पुढं सविस्तर सांगते, पण आधी सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळू, कारण ते खोटं नाही. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात आणि पुढं सगळं सुरळीत होतं. पण घराघरांत सांगितली जाते ती अशाच मुलांची गोष्ट. ज्याचं आपोआप सुटलं नाही, त्याचा विषय कुणी काढत नाही. गावाकडं लग्नकार्यात ज्याला मागच्या खोलीत बसवून ठेवायचे, त्याच्याबद्दलही लहानपणी 'बोलेल की, घाई काय' असंच कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना एक प्रश्न विचारा. तुमचे यजमान बोलत नव्हते त्या वयात बोटानं चंद्र दाखवायचे का? 'जा, आजोबांची चप्पल आण' म्हटलं की आणायचे का? खोटं खोटं जेवण भरवायचे का? नुसतं बोलणं मागं पडलेलं मूल सहसा हे सगळं करतं. त्याला शब्द सापडत नाहीत, पण सांगायचं पुष्कळ असतं.

तुमच्या पत्रात मला 'बोलत नाही' यापेक्षा 'बोट दाखवत नाही' ही ओळ जास्त महत्त्वाची वाटली. बोट दाखवणं म्हणजे 'मी जे बघतोय ते तूही बघ' असं सांगणं. भाषेची मुळं तिथं असतात. साधारण वर्षाचं मूल हाताच्या खुणा करू लागतं, बोटानं दाखवू लागतं. १६ महिन्यांपर्यंत सुटे शब्द यावेत, दोन वर्षांपर्यंत 'बाबा गेले', 'पाणी दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडता यावेत. दीड वर्षापर्यंत पावलं टाकता यावीत. यातली एखादी गोष्ट थोडी मागं असली तर एवढं मनावर घ्यायचं कारण नसतं. तुमच्याकडं चालणं, बोलणं आणि खुणा तिन्ही मागं आहेत, म्हणून सगळी तपासणी हवी.

लवकर जन्माचं कारण इथं पुरत नाही. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना ते आठवडे वजा करतात, हे बरोबर आहे, पण साधारण दोन वर्षांपर्यंतच. आणि तुम्ही आजही पाच आठवडे वजा केलेत तरी तो जवळजवळ २५ महिन्यांचा होतो. उलट लवकर जन्म आणि एनआयसीयू ही अशा मुलाकडं अधिक बारकाईनं बघण्याची कारणं आहेत.

हे नेमकं काय आहे, ते पत्र वाचून मी सांगणार नाही. कुणीही सांगू नये, मोबाइलवरच्या प्रश्नावलीनं तर नाहीच. पण नाव कळायच्या आधीच मदत सुरू करता येते, आणि तीच सुरू करायची आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो, मेंदूतल्या जोडण्या याच वर्षांत सगळ्यात वेगानं होतात. तपासून काही निघालं नाही तर तुमच्या दोन-तीन सकाळी जातील. थांबलात आणि निघालं, तर हे वर्ष परत आणता येणार नाही.

मी एवढं ठासून का सांगते, तेही सांगते. विशेष शिक्षिका म्हणून कामाला लागले तेव्हाच्या पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट. ओळखीच्या एका घरातली आई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडं आली होती. मी पोरीच्या मागं स्टीलचं ताट वाजवलं, ती दचकून वळली. मी म्हटलं, ऐकू येतंय, तीन वर्षांची होऊ द्या. साडेतीन वर्षांची असताना तिची रीतसर तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं असं निघालं. ताट ऐकू येत होतं, बोलणं ऐकू येत नव्हतं. ते दीड वर्ष माझ्या शब्दावर गेलं. त्या आईनं मला कधी बोल लावला नाही, पण तेव्हापासून 'थांबा' हा शब्द मी कुठल्याही आईला सांगितलेला नाही.

म्हणून पहिलं काम कानांचं. मोबाइलच्या गाण्याला धावत येतो म्हणजे ऐकू येतं, हे धरून चालू नका. ढोलकीचा ठोका, ताटाचा आवाज, जाड सूर ऐकू येऊनही 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज निसटू शकतात, आणि मग बोलणं म्हणजे नुसती गुणगुण वाटते. नऊ दिवस एनआयसीयूत राहिलेल्या, कावीळ झालेल्या बाळाच्या बाबतीत तर ही तपासणी चुकवूच नये. जन्मानंतर कानांची चाचणी झाली असेल आणि ती ठीक आली असेल तरीही आता पुन्हा करा, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. कानात मळ किंवा पडद्यामागं पाणी आहे का ते आधी कान-नाक-घसा डॉक्टर बघतील, मग ओएई आणि बेरा या चाचण्या. ओएईत कानाच्या आतला भाग आवाजाला प्रतिसाद देतो का ते कळतं, बेरात आवाज कानापासून मेंदूकडं पोचतो का ते. बेरासाठी मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, वाटेत ऑटोत डुलकी लागू देऊ नका, आणि आदल्या रात्री डोक्याला तेल लावू नका, कारण कपाळावर आणि कानामागं तारा चिकटवायच्या असतात. झोपलाच नाही तर डॉक्टर झोपेचं औषध देतात, ते त्यांच्याच देखरेखीखाली. मेडिकल आणि मेयो या आपल्या नागपूरच्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. केसपेपर काढायला सकाळी लवकर जा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी लेकरू घेऊन रांगेत उभं राहणं हीच एक शिक्षा असते.

डोळ्यांची तपासणीही त्याच फेऱ्यांत उरकून घ्या. लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये ती राहून जाते.

आता सरकारी वाट. ती खर्चाच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे आणि आपल्याकडं फार थोड्या आयांना माहीत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना २०१३ पासून चालू आहे. तिची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगं, आजार, पोषणातली कमतरता आणि विकासातला उशीर, या चार गोष्टी शोधून त्यावर मोफत उपचार करायचे हे तिचं काम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा या कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक येतं. पण पुढच्या फेरीची वाट बघत बसायची गरज नाही. घराजवळच्या अंगणवाडीत जा, मुलाचं नाव नोंदवलेलं नसेल तर नोंदवा, आणि सेविकेला सांगा, 'माझ्या मुलाचा विकास मागं आहे, मला डीईआयसीला जायचं आहे, चिठ्ठी कोण देईल?' आशाताईलाही हेच विचारा. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कानांची तपासणी आणि वाचा-उपचार करणारे, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत, अशी या केंद्रांची रचना आहे. एखादं पद रिकामं असू शकतं. तसं असेल तर 'मग त्या कामासाठी कुठं पाठवता, लिहून द्या' असा आग्रह धरा. तोंडी सांगितलेला पत्ता घेऊन पुढच्या खिडकीवर गेलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कागद हातात असला की पुढचं दार उघडतं.

याशिवाय नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, लोक त्याला सीआरसी म्हणतात. दिव्यांग मुलांचं मूल्यमापन आणि थेरपी हेच त्याचं काम. मिहानमधल्या एम्सच्या बालरोग विभागातही दाखवता येतं. दोन ठिकाणी नाव लावलंत तर कुणाचा अपमान होत नाही. जिथं आधी तारीख मिळेल तिथं सुरुवात करा.

जाताना दोन गोष्टी न्या. एक फाइल, ज्यात प्रसूतीचा आणि एनआयसीयूचा डिस्चार्ज कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड असेल. दुसरं म्हणजे मोबाइलमधले तीन-चार छोटे व्हिडिओ. जेवतानाचा एक, एकट्यानं खेळतानाचा एक, मागून हाक मारल्यावर काय करतो त्याचा एक, आणि तुमचा हात ओढून नेतो त्याचा एक. ओपीडीत मूल बिथरतं, रडतं, आणि डॉक्टरांना खरं मूल दिसतच नाही. घरचा मिनिटभराचा व्हिडिओ तिथं फार कामाला येतो. शिवाय तो काय काय करतो, त्याचीही यादी करा. हात धरून ओढत नेतो म्हणजे मदत कुणाकडं मागायची ते त्याला कळतं. थेरपिस्ट तिथूनच पुढं नेईल.

पुढं एखादी तपासणी व्हायची असली तरी घरी आजपासून सुरू करता येईल असं सांगते. आठवड्यातून एकदा-दोनदा अर्धा-पाऊण तास थेरपी मिळते. उरलेला सगळा आठवडा तो तुमच्याजवळ असतो, आणि फरक मुख्यतः तिथं पडतो. त्यासाठी वेगळा तास काढू नका, वेगळी खेळणी आणू नका. आंघोळ, जेवण, कपडे यांतच करा. जमिनीवर बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येऊ द्या. तो जे बघतोय त्याचं नाव घ्या, एका-दोन शब्दांत. डोक्यावर पाणी ओतताना 'पाणी... आलं!' म्हणा, पुढच्या तांब्याच्या वेळी 'पाणी...' म्हणून थांबा. मनात पाच आकडे मोजा. ही थांबायची जागा सगळ्यात अवघड असते, आपल्याला ती शांतता सोसवत नाही आणि आपणच बोलून टाकतो. त्यानं नुसतं बघितलं, हात हलवला, काही आवाज काढला, तरी ते बोलणं समजा आणि लगेच पाणी ओता. बिस्किटाचा डबा घट्ट झाकण लावून त्याच्या हातात द्या, म्हणजे मदत मागायला कारण मिळेल. वरण-भात की केळ, दोन्ही समोर धरून विचारा. तो तुमचा हात ओढेल तेव्हा त्याचं बोट तुमच्या हातात घेऊन त्या वस्तूकडं दाखवा, 'ते हवं? ते!' असं म्हणा, मग द्या. महिनाभर हेच.

सासूबाईंना यात घ्या. पदराआडून 'भो' करणं, मांडीवर झुलवणं, एकच ओवी त्याच ठेक्यात दहादा म्हणणं, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही आणि या मुलांना तेच हवं असतं. घरात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेलच. वर्षभर कपाटावर ठेवण्यापेक्षा तो खाली काढा. त्याला गवत चारा, पाणी पाजा, 'बैल दमला, झोपला' म्हणा. खोटं खोटं खेळणं असंच शिकवायचं असतं.

कुणी सांगेल, घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणून तो गोंधळला. अर्धं नागपूर दोन भाषांत वाढतं. दोन भाषांमुळं विकास मागं पडत नाही. तुम्हाला जी भाषा मनापासून येते, जिच्यात तुम्ही रागावता आणि लाड करता, तीच त्याच्याशी बोला. इंग्रजी शिकवायची घाई करू नका.

आणि मोबाइल. तुम्ही जेवताना मोबाइल दिला म्हणून हे झालं, असं नाही. विसाव्या महिन्यात चालणं मोबाइलमुळं होत नाही. पण मोबाइल समोर असताना तो तुमच्याकडं बघत नाही, आणि त्याला आता तुमच्याकडं बघण्याची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं. सुरुवात जेवणापासून करा. पहिले चार दिवस रडेल, दोन घास कमी खाईल. चालेल. स्वतःला दोष देण्यात रात्र घालवू नका. झोप लागतच नसेल, छातीत धडधडत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. बोला.

यजमानांची भीती मला कळते. पण त्यांना सांगा, तपासणी आणि थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. ते वेगळं, पुढं गरज पडली तरच काढायचं. काढलं तरी एवढ्या लहान मुलाचं प्रमाणपत्र सहसा ठरावीक मुदतीचं असतं, नंतर पुन्हा तपासतात. 'जन्मभराचा शिक्का' हे त्या वयात खरं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत. त्यांतल्या ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि तिच्यात थेरपीचाही खर्च धरतात. म्हणजे ज्या कागदाची त्यांना भीती वाटते, तोच कागद उद्या त्यांच्या पगारावरचा भार उतरवू शकतो. ठरवायला वेळ आहे. आज फक्त तपासणी.

खासगी सेंटरला कधी जावं लागलंच तर दोन गोष्टी बघा. वाचा-उपचार करणारे आणि विशेष शिक्षक यांच्याकडं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. संकोच न करता मागा. आणि ते तुम्हाला आत बसू देतात का, घरी काय करायचं ते शिकवतात का, ते बघा. दार लावून पाऊण तासानं मूल हातात देणाऱ्या ठिकाणी घरभाड्याइतके पैसे घालू नका. 'सहा महिन्यांत पूर्ण बरा करू' म्हणणाऱ्यांकडं आणि स्टेम सेल (मूळ पेशी) टोचणाऱ्यांकडं तर फिरकूही नका. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडं स्टेम सेल हा मान्य उपचार नाही.

एका बाबतीत मात्र ओपीडीच्या तारखेचीही वाट पाहू नका. आधी येत असलेले शब्द किंवा खेळ तो विसरू लागला, झटके आले, किंवा मध्येच एकटक बघत हरवून जातो असं वाटलं, तर लगेच डॉक्टरांकडं घेऊन जा.

सोमवारी अंगणवाडी, आणि त्याच आठवड्यात कानांची तपासणी. बेराच्या दिवशी यजमानांना एक रजा टाकायला सांगा. रिपोर्ट ऐकताना दोघं असलात की घरी येऊन एकट्या तुम्हाला सगळ्यांना समजावत बसावं लागणार नाही, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही त्यांच्या तोंडून येतील. रिपोर्टमध्ये काय आलं ते मला कळवा.